चार चाकांचा जोर आणि शेवटचा फर्लांग

‘कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी’ ही म्हण मराठीत दैवगतीच्या फेऱ्यासाठी वापरली जाते. चिकोडीच्या परिसरातील जुन्या माणसाला मात्र ती नुसती अलंकाराची भाषा वाटली नसती. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या तीन नद्यांनी हा प्रदेश वेढलेला आहे. भोजच्या परिसरात वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि पुढे कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेत विलीन होते. पूल नव्हते त्या काळी पावसाळ्यात पैलतीर गाठावयाचे तर नावेवाचून गत्यंतर नसे. वाहन कोणते घ्यावे हा प्रश्न येथे वाहनाकडे पाहून कधीच सुटला नाही. तो वाटेकडे पाहून सोडवावा लागला. आज या भागातील एखादा शेतकरी, गवळी किंवा तंबाखूचा लहान व्यापारी आयुष्यातील पहिली पिकअप गाडी घेण्यास निघतो, तेव्हा विक्रेत्याच्या दालनात त्याच्यासमोर तोच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. इंजिनाचा जोर मागील दोनच चाकांना मिळणारी गाडी घ्यावी, की चारही चाकांना मिळणारी, ज्याला सर्वत्र फोर व्हील ड्राइव्ह म्हणतात ती? या प्रश्नामागे सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासातच त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी दडलेले आहे.

प्रथम ही योजना म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीची चाके स्वतः ओढत नाहीत, ती नुसती फिरतात. ओढतात ते बैलांचे खूर. मोटारगाडीत मात्र चाकालाच खुराचे काम करावे लागते. जमिनीला घट्ट धरून त्याने स्वतःला आणि गाडीला पुढे रेटावयाचे असते. साध्या मालगाडीत हे काम मागील दोन चाके करतात आणि पुढील दोन चाके दिशा दाखवितात. त्यातही एक मेख आहे. वळणावर आतील चाकाला कमी व बाहेरील चाकाला अधिक अंतर तोडावे लागते, म्हणून मागील कण्यात डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. एक चाक चिखलात सापडून सैल फिरू लागले की हीच जुळणी घात करते. कारण सैल चाक जेवढ्या जोराने फिरते, तेवढाच अल्प जोर घट्ट जमिनीवरील चाकाच्या वाट्याला येतो. चढावर अडलेल्या गाडीला गाडीवान दुसरी जोडी लावीत असत. पुढील चाकांनाही इंजिनाचा जोर देणे म्हणजे तशीच दुसरी जोडी जोडणे होय. फरक एवढाच की ही दुसरी जोडी वर्षाचे बारा महिने गाडीबरोबर वागवावी लागते आणि तिची वैरण कधी चुकत नाही.

ही कल्पना जन्मास आली ती रस्ते नसलेल्या मुलखात. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये चारही चाकांना जोर देणारी एक शर्यतीची मोटार बांधली होती. परंतु ती नवलाईची वस्तू ठरली. व्यवहारात ही कल्पना रुजविली ती अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल या लहान गावातील ऑटो झाखो आणि विल्यम बेसर्डिक या दोन कारागिरांनी. १९०८ च्या सुमारास त्यांची गाडी तयार झाली. तेथील वाटा वाळूच्या, बर्फाच्या आणि चिखलाच्या होत्या. दोन चाकांची मोटार त्यांत वारंवार अडे. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील तोफगोळ्यांनी उखडलेल्या रणभूमीवर अशा मालगाड्या हजारोंनी धावल्या. जेथे सडक नाही, किंवा असलेली सडक युद्धाने नाहीशी केली आहे, तेथे चारही चाकांची ओढ ही चैन नसून गरज असते, हे तेथे सिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धाने या कल्पनेला सर्वपरिचित रूप दिले. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी १३५ कारखान्यांकडे पाठविली. बँटम नावाच्या एका लहान कारखान्याने ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना तयार करून दिला. तो सुधारून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. तीच जीप होय. युद्ध संपताच कारखानदारांना नवे गिऱ्हाईक हवे होते आणि ते त्यांनी शेतकऱ्यात शोधले. १९४५ मध्ये विलीजने नागरी जीप आणली, १९४७ मध्ये तिच्याच वळणाचा चारही चाके ओढणारा पिकअप ट्रक काढला. डॉज कंपनीचा पॉवर वॅगन १९४६ चा, तर इंग्लंडमधील लँड रोव्हर १९४८ चा. नांगरापासून बाजारापर्यंत एकच गाडी सर्व कामे करील, असा त्या जाहिरातींचा सूर असे. तथापि नांगरटीत जीप ट्रॅक्टरची जागा घेऊ शकली नाही. रणांगणासाठी जन्मलेले यंत्र शेतात आले, तेव्हा शेताच्या गरजेपेक्षा विक्रेत्याची गरज काहीशी मोठी होती, एवढे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

भारतात ही गाडी आली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ मध्ये मुंबईत महिंद्र अँड महंमद ही पेढी स्थापन झाली; १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. सुटे भाग आणून येथे जीप जोडण्याचे काम स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झाले. खेड्यातल्या माणसाने जीप प्रथम पाहिली ती बहुधा सरकारी अधिकाऱ्याखाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाज विकास योजनेचा आरंभ झाला आणि विकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण जीवनातील एक ठरलेले दृश्य होऊन बसले. ज्या गावाला सडक नव्हती, तेथेही ती धुरळा उडवीत पोहोचे. साहजिकच ‘कोठेही जाणारी गाडी ती चार चाकांच्या जोराची’ हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

गंमत अशी की हे समीकरण मोडण्याचे काम जीप बनविणाऱ्या कारखान्यानेच केले. १९६५ मध्ये महिंद्र कंपनीने एफसी-१५० हा पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक आणला आणि १९६७ मध्ये दोनच चाकांना जोर देणाऱ्या उपयुक्त गाड्या बाजारात ठेवल्या. या निर्णयाचा अर्थ स्पष्ट आहे. अनेक गिऱ्हाइकांना जीपचा मजबूत सांगाडा, उंच बांधणी आणि सोपी दुरुस्ती हवी होती. पुढच्या चाकांची ओढ त्यांना वर्षातून क्वचितच लागत होती. पुढे कोल्हापूर, सांगली आणि निपाणीच्या पट्ट्यात वडाप म्हणून माणसांनी गच्च भरून धावलेल्या जीपगाड्या बहुतांशी दोन चाकांच्याच ओढीच्या होत्या. १९८८ मध्ये टाटांचा २०६ हा पिकअप आला, २००० मध्ये बोलेरो आली आणि २००५ मध्ये टाटा एस ही चिमुकली मालगाडी आली. चिकोडी-निपाणीच्या बाजारात आज माल वाहणाऱ्या लहान गाड्यांचा वंशवृक्ष हाच. आणि त्यांपैकी बहुतेक मागील दोन चाकांवरच चालतात.

असे का घडले, हे समजण्यासाठी गाडीचा इतिहास बाजूस ठेवून रस्त्याचा इतिहास पाहावा लागतो. पक्क्या सडका होण्यापूर्वी दख्खनमधील माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. कारण पाठीवरच्या गोणीला चाकोरीची गरज नसते. सडका झाल्या तेव्हा गाडीने गोणीला मागे टाकले. रेल्वे आली तीही चिकोडीला बगल देऊन. मिरज-बेळगाव मार्गावरील स्थानकाचे नाव ‘चिकोडी रोड’ असले, तरी ते आहे रायबागच्या बाजूस. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द आला की गाव दूर आहे आणि तेथपर्यंतची व्यवस्था प्रवाशाने स्वतः करावी, असा रेल्वेचा सांकेतिक अर्थ असतो. निपाणीला तर रेल्वे लाभलीच नाही. तिचा तंबाखूचा व्यापार उभा राहिला तो पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या आधारावर.

रस्त्यांचा देशव्यापी विचार प्रथम झाला तो एका मराठी कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी निर्माण झाला. १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. सुपीक शेतीच्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे ध्येय तिने ठेवले. १९६१ च्या मुंबई योजनेने पुढचे पाऊल टाकले. अशा प्रदेशातील कोणतेही ठिकाण पक्क्या सडकेपासून चार मैलांच्या आणि कोणत्याही प्रकारच्या रस्त्यापासून दीड मैलाच्या आत असावे, असे तिने ठरविले. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पाचशेहून अधिक वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता देण्याचा संकल्प केला. त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोन योजनेत निपाणीवरून जाणारा महामार्ग चौपदरी झाला. ध्येय आणि सिद्धी यांत अंतर राहतेच. तरीही दिशा निःसंशय आहे. पाच मैल, मग चार मैल, मग दीड मैल. वाहनाला रस्त्याविना जे अंतर तोडावे लागे ते आकसत गेले आणि त्याबरोबर चार चाकांच्या जोराची गरजही आकसत गेली.

आता उरला तो शेवटचा फर्लांग. डांबरी रस्त्यापासून रानापर्यंतची पाणंद. चिकोडीच्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न येथे आहे. नदीकाठची जमीन काळी, चिकण आणि खोल आहे. माळावरची तांबडी व मुरमाड आहे. मुरमाड वाट पावसाची सर ओसरताच पाय धरते. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटून टायरच्या खाचा बुजवून टाकते. मग नवे टायरही गुळगुळीत झाल्यासारखे घसरते. अशा मातीत चार चाके ओढणारी गाडी दोन चाकांच्या गाडीपेक्षा काही पावले पुढे जाते हे खरे. परंतु खाचा बुजल्या की चारही चाके घसरतात, आणि गाडीचे पोट चिखलाला टेकले की चाके किती फिरतात याला अर्थ उरत नाही. अनुभवी चालक म्हणूनच सांगतात की चार चाकांच्या जोराने माणूस रुतण्यापासून वाचतो, तसाच तो अधिक आत जाऊन रुततो.

यासाठी माल कोणत्या महिन्यात हलतो हे पाहणे अगत्याचे ठरते. निपाणी भागातील विडीचा तंबाखू पावसाळ्याच्या उत्तरार्धात लागतो आणि हिवाळा सरता सरता काढणीला येतो. तो वखारीकडे जातो तेव्हा पाणंदी वाळून कडक झालेल्या असतात. उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. आरंभीच्या ओल्या फडांतून ऊस बाहेर काढण्याचे काम ट्रॅक्टर व बैलगाडी करते, पिकअप नव्हे. येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. भारतातील बहुसंख्य ट्रॅक्टर हे मागील दोन चाकांच्याच ओढीचे आहेत आणि तरीही ते ओल्या रानात नांगर ओढतात. याचे रहस्य ओढणाऱ्या चाकांच्या संख्येत नाही. ते चाकाच्या मोठ्या व्यासात, टायरच्या उंच दातांत, मागील कण्यावरील वजनात आणि सावकाश गतीच्या गिअरमध्ये आहे. बारमाही हलणारा माल म्हणजे दूध, भाजीपाला आणि वैरण. यांपैकी दूध व भाजी बहुधा गावच्या रस्त्यावर आणून भरली जाते.

पिकअपचा स्वतःचाही एक स्वभाव आहे. तिचे इंजिन पुढे आणि हौदा मागे. म्हणून रिकामी असताना मागील चाकांवर भार कमी पडतो आणि ओल्या चढावर ती चटकन घसरते. हौद्यात माल भरला की तीच चाके जमीन घट्ट धरतात. ओल्या वाटेवर रिकामी गाडी नेताना हौद्यात मागील कण्यावर वाळूची काही पोती टाकणे, खोल नक्षीचे टायर वापरणे, आणि गाडीत फळी, फावडे व दोर ठेवणे हे उपाय थोड्या पैशांत होतात. चार चाकांच्या ओढीची किंमत मात्र पुढचा डिफरन्शियल, जादा दांडा आणि जोर वाटून देणारी पेटी यांच्या रूपाने एकदा द्यावी लागते. नंतर इंधन, वंगण आणि दुरुस्तीच्या रूपाने ती नेहमीच द्यावी लागते. शिवाय साध्या धर्तीची ही योजना कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरावयाची नसते. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठी फेरी घेतात. चिखलात हा फरक घसरून निघून जातो. डांबरावर तो टायर व दंतचक्रे झिजवितो.

सीमाभागातील माणसाला आणखी एक हिशेब करावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. परंतु येथील बाजाराच्या वाटा कोल्हापूर, इचलकरंजी व मिरजेकडेही जात राहिल्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार मालासह एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नसलेल्या मालगाडीस वाहतुकीचा परवाना लागत नाही. सीमा ओलांडून रोज ये-जा करणाऱ्या लहान व्यावसायिकाला ही सवलत फार मोलाची आहे. या मर्यादेत गाडीचे स्वतःचे वजन जितके वाढेल, तितका माल कमी भरावा लागेल. पुढच्या चाकांची यंत्रसामग्री अशा प्रकारे प्रत्येक फेरीला काही किलो मालाची जागा खाते.

आणि हे सारे बहुधा कर्जाच्या पैशाने चालते. तंबाखूचा भाव कोणाच्या हाती नसतो. १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी बळी पडले. भाव पडला तरी गाडीचा हप्ता पडत नाही. पहिली गाडी घेणाऱ्याची चूक पुसून काढण्यास दुसरी गाडी त्याच्याजवळ नसते. म्हणून वर्षातील चार दिवसांच्या भीतीसाठी उरलेल्या दिवसांचा भार उचलावा काय, हा प्रश्न त्याच्या घरी यंत्रशास्त्राचा राहत नाही, तो संसाराचा होतो.

सर्वांत मोठा धोका मात्र पैशाचा नव्हे. या भागात कृष्णेवरील कल्लोळ-यडूर, दूधगंगेवरील मलिकवाड-दत्तवाड व कारदगा-भोज, वेदगंगेवरील जत्राट-भिवशी व अक्कोळ-सिदनाळ असे कमी उंचीचे बंधारे-पूल आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस लागला की चिकोडीचे आकाश कोरडे असतानाही ते पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर यमगर्णीजवळ चौपदरी महामार्गच बंद झाला होता. चार चाकांच्या जोरावरचा विश्वास अशा ठिकाणी प्राणघातक ठरतो. वाहते पाणी सुमारे एक फूट उंचीचे असले तरी अनेक मोटारी उचलल्या जातात आणि दोन फुटांचे पाणी पिकअपसारख्या जड गाडीलाही ढकलून नेते. तरंगू लागलेल्या गाडीचे एकही चाक जमिनीला टेकत नाही. मग जोर दोन चाकांना आहे की चार, याला काय महत्त्व? थांबण्याच्या बाबतीतही तेच. ब्रेक दोन्ही प्रकारच्या गाड्यांत चारही चाकांनाच असतात. म्हणून घसरड्या उतारावर चार चाकांची ओढ कोणाला अधिक लवकर थांबवीत नाही.

याचा अर्थ ही योजना निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. ज्याची वस्ती डांबरी रस्त्यापासून मैलभर आत काळ्या रानात आहे आणि भर पावसात पहाटे व सायंकाळी दूध बाहेर काढणे ज्याला भाग आहे, त्याला ती खरोखर तारते. पश्चिमेकडे आजरा-चंदगडच्या डोंगराळ वाड्यांतून ओली लाल माती चढून जाणाऱ्याला, अथवा रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविण्यासाठी गावात दुसरे वाहन नाही अशा ठिकाणी, तिचा सावकाश गतीचा गिअर दोन जोड्यांच्या बैलांसारखा कामी येतो. अशा माणसाने खर्चाकडे पाहून मागे सरू नये. आपली वाट कोणत्या महिन्यात किती दिवस अडते, तेव्हा गाडी रिकामी असते की भरलेली, आणि त्या दिवशी शेजारच्या ट्रॅक्टरने काम भागते काय, या तीन गोष्टी एक पावसाळाभर नोंदून पाहिल्या तर उत्तर बहुधा विक्रेत्याला विचारावे लागत नाही.

बैलगाडीच्या काळात गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. गाडी पंढरीला निघाली की नळ्यालाही आयती यात्रा घडे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण त्यावरूनच पडली. तो नळा हलका असे आणि त्याचा उपयोग वाटेत पदोपदी होई. पहिली पिकअप घेणाऱ्याने पुढच्या चाकांच्या ओढीलाही हीच कसोटी लावावी. चिकोडीच्या हमरस्त्यावर आणि गावरस्त्यावर चालणाऱ्या बहुसंख्य गाड्यांना तिची यात्रा घडविण्याचे कारण नाही. ज्याच्या पाणंदीचा शेवटचा फर्लांग अजून काळ्या चिखलाचा आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. आणि गावाला त्या फर्लांगावर मुरूम व खडी टाकता आली, तर एकाच्या गाडीला लागणाऱ्या जादा पैशांऐवजी साऱ्या शिवाराचा माल बाहेर येण्याची सोय होईल.